सातबारा आणि सात छेद बारा: अपूर्णांक, संख्यांचे प्रकार आणि बीजगणितातल्या नेहमीच्या चुका

जमिनीच्या उताऱ्यावर ७/१२ असं लिहिलेलं असतं आणि गणिताच्या वहीतही ७/१२ असतं. उताऱ्यावरची तिरकी रेघ दोन कागद जोडते: गाव नमुना सात, म्हणजे जमीन कोणाच्या नावावर आहे त्याची नोंद, आणि गाव नमुना बारा, म्हणजे तिच्यात पीक कोणतं आहे त्याची नोंद. दोन वेगळ्या गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या, एवढंच. वहीतली रेघ भागाकाराची असते आणि तिच्या वरचा-खालचा आकडा मिळून एकच संख्या होते.

आठवी-नववीत अपूर्णांक अडतात ते बहुतेक इथंच. मुलं सात छेद बाराकडे सातबाऱ्यासारखं बघतात. वर एक संख्या, खाली एक संख्या, दोघींचा हिशेब वेगळा. मग १/२ + १/३ करताना वरचे वर मिळवले, खालचे खाली मिळवले आणि उत्तर आलं २/५. आता २/५ म्हणजे ०.४, अर्ध्यापेक्षा कमी. अर्ध्यात भर घातली आणि अर्ध्याहून कमी उरलं! हे लक्षात येत नाही, कारण २/५ ही एक संख्या म्हणून डोळ्यापुढं उभीच राहत नाही.

म्हणून पहिली सवय ही लावा. कोणताही अपूर्णांक दिसला की क्रिया करण्याआधी तो संख्यारेषेवर अंदाजे कुठं बसतो ते तोंडानं सांगायचं. ७/१२ कुठं? बाराचं निम्मं सहा, म्हणजे ६/१२ हा अर्धा. ७/१२ अर्ध्याच्या किंचित पुढं. ११/१२? एकाच्या अगदी अलीकडं. १३/१२? एक ओलांडून थोडा पुढं. पाच सेकंदांचं काम आहे, पण उत्तर चुकलं की तेच आधी ओरडून सांगतं.

पाव, पाऊण, सव्वा आणि साडेतीन

मराठी बोलणाऱ्या माणसाला अपूर्णांक शाळेत जायच्या आधीच येतात. कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर पाऊण लिटर दूध मागणारा कोणी ३/४ असं म्हणत नाही. आपल्या शब्दांच्या पोटात बेरीज-वजाबाकीही आहे. सव्वातीन म्हणजे तीनला पावाची जोड, ३ + १/४. पावणेचार म्हणजे चारला पाव कमी, ४ − १/४. ‘पाऊण’ शब्दातच ‘ऊन’, म्हणजे उणं, बसलेलं आहे. साडेतीन म्हणजे ३ + १/२. पूर्वी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी पाठ करून घ्यायचे. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. तो पाढा गेला, त्याबरोबर हिशेबाची एक बैठकही गेली.

अंबाबाईच्या कोल्हापुरात साडेतीन हा आकडा समजावून सांगावा लागत नाही. कोल्हापूर, तुळजापूर, माहूर ही तीन पूर्ण पीठं आणि वणीचं अर्धं. आता या साडेतीनचे अर्धे-अर्धे भाग किती? प्रत्येक पूर्णात दोन, म्हणजे सहा, आणि वरचं एक: सात. म्हणून ३ १/२ = ७/२. पूर्णांकयुक्त अपूर्णांकाचा अंशाधिक अपूर्णांक करण्याची रीत एवढीच: पूर्ण भाग गुणिले छेद, अधिक अंश, आणि छेद तोच. उलट जायचं असेल तर भागाकार: १७/५ मध्ये पाच तीन वेळा जातो, बाकी दोन, म्हणून ३ २/५.

इथं एक खाच आहे, तिच्यात बीजगणित शिकणारा प्रत्येक जण एकदा तरी अडकतो. ३ १/२ लिहिताना ३ आणि १/२ यांच्यामध्ये न लिहिलेलं चिन्ह अधिकचं असतं. ३क्ष लिहिताना ३ आणि क्ष यांच्यामध्ये न लिहिलेलं चिन्ह गुणाकाराचं असतं. लिहिण्याची पद्धत सारखी, अर्थ वेगळा. आपल्या बोलण्यातही हीच गंमत आहे. सव्वातीन म्हणजे तीन अधिक पाव, पण सव्वाशे म्हणजे शंभर अधिक पाव नव्हे. ते सव्वा गुणिले शंभर, म्हणजे १२५. पाऊणशे ७५, पावणेदोनशे १७५. बोलताना कोणी चुकत नाही, वहीत मात्र ३ १/२ क्ष हे पद कोणी ३ + क्ष/२ असं वाचतं, कोणी ३क्ष/२ असं. उपाय एकच: बीजगणितात पाऊल टाकताना पूर्णांकयुक्त अपूर्णांक दारातच उतरवून ठेवायचा. ३ १/२ दिसला की ७/२ करा, मग पुढची ओळ लिहा. शेवटचं उत्तर लोकांना सांगायचं असेल तेव्हा पुन्हा साडेतीन म्हणा, हरकत नाही.

बेरीज: आधी तुकडे एका मापाचे

१/३ + १/४ घेऊ. तिसरा हिस्सा आणि चौथा हिस्सा हे वेगवेगळ्या मापाचे तुकडे आहेत. ‘एक नि एक दोन’ म्हणता येईल, पण दोन काय? दोन तुकडे, तेही असमान. दोन्ही एकाच मापात आणायचे तर ३ आणि ४ या दोघांनी भाग जाणारी सगळ्यात लहान संख्या शोधा: लसावि १२. १/३ = ४/१२, १/४ = ३/१२, बेरीज ७/१२. छेद बारा हे फक्त मापाचं नाव आहे, ‘बारांश’. चार बारांश आणि तीन बारांश मिळून सात बारांश. मापाची बेरीज होत नाही. तीन किलो आणि चार किलो मिळून ‘सात दोन-किलो’ होत नाहीत, तसंच.

लसावि न काढता छेदांचा सरळ गुणाकार केला तरी उत्तर चुकत नाही, पण आकडे फुगतात. ५/१२ + ३/८ मध्ये गुणाकार ९६, लसावि २४. ९६ घेतलात तर ७६/९६ येतं आणि मग ४ नं भागून १९/२४ करावं लागतं. २४ घेतलात तर १०/२४ + ९/२४ = १९/२४, काम संपलं.

वजाबाकीत भोवतं ते चिन्ह. ऋण पूर्णांकयुक्त अपूर्णांक विशेषतः: −४ १/२ म्हणजे −(४ + १/२), म्हणजे −४.५. बरीच मुलं −४ + १/२ करून −३.५ काढतात. वजा चिन्ह अख्ख्या साडेचारवर आहे, फक्त चारवर नाही. इथंही उपाय तोच, आधी −९/२ करून घ्या. आणि −९/२, (−९)/२, ९/(−२) ही तिन्ही एकच संख्या आहे. चिन्ह छेदात राहू देऊ नका, वर आणा किंवा रेघेच्या पुढं ठेवा.

‘चा’ म्हणजे गुणाकार, ‘किती वेळा’ म्हणजे भागाकार

‘पाऊण किलोचा तिसरा हिस्सा’ यातला ‘चा’ हा गुणाकार. ३/४ × १/३ = ३/१२ = १/४. पाव किलो. गुणाकारात छेद सारखे करायची गरज नसते. अंश गुणिले अंश, छेद गुणिले छेद, आणि गुणायच्या आधीच तीनला तीन उडवता आले तर उडवावेत.

भागाकाराची रीत मुलं घोकतात: दुसरा उलटा आणि गुणा. का, ते विचारलं की गप्प. तीस किलोचा गुळाचा रवा, म्हणजे ढेप, फोडून सव्वा सव्वा किलोचे पुडे करायचे आहेत. ३० ÷ ५/४. एका किलोत पाव पाव किलोचे चार तुकडे, म्हणून तीस किलोत १२० पाव. सव्वा किलोच्या एका पुड्याला असे पाच पाव लागतात. १२० ÷ ५ = २४ पुडे. आपण काय केलं? आधी ४ नं गुणलं, मग ५ नं भागलं. म्हणजेच ४/५ नं गुणलं. उलटायचं ते याचसाठी.

इथली नेहमीची चूक म्हणजे पहिला अपूर्णांक उलटवणं, किंवा दोन्ही उलटवणं. पुन्हा अंदाज उपयोगी येतो: सव्वा किलोचा पुडा एका किलोपेक्षा मोठा, म्हणून पुडे तीसपेक्षा कमीच व्हायला हवेत. काहीच न उलटवता गुणून ३७.५ आले तर तिथंच थांबा. एकापेक्षा लहान धन संख्येनं भागलं की उत्तर वाढतं, मोठीनं भागलं की घटतं.

शून्याचं एकदाच नीट समजून घ्या. शून्य किलो गूळ पाच जणांत वाटला तर प्रत्येकाला शून्य: ०/५ = ०. पाच किलो गुळाचे शून्य किलोचे पुडे किती होतील? किती का बांधा, गूळ संपणारच नाही. प्रश्नालाच अर्थ नाही. म्हणून ५/० ही संख्या नाही. ‘अनंत’ असं उत्तर शाळेच्या पेपरात लिहू नका.

संख्यांची नावं आणि पंचगंगेची पातळी

मराठीतली नावं एकमेकींसारखी आहेत, हे मान्य करूनच पुढं जायला हवं. पूर्ण संख्या, पूर्णांक संख्या, पूर्णांकयुक्त अपूर्णांक: तिन्हीत ‘पूर्ण’, तिन्हींचा अर्थ वेगळा.

मार्केट यार्डात रवे मोजतो त्या नैसर्गिक संख्या: १, २, ३ आणि पुढं. यार्ड रिकामं झालं, शून्य रवे उरले. शून्य धरलं की त्या पूर्ण संख्या. त्यात वजा बाजूच्या −१, −२, −३ घेतल्या की पूर्णांक संख्या.

वजा बाजू पटवायला पंचगंगेसारखं उदाहरण नाही. कोल्हापुरात या नदीवरच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. पावसाळ्यात शहराचं लक्ष त्या दोन आकड्यांवर असतं. आता धोका पातळीला शून्य म्हणा. इशारा पातळी होते −४. नदी ४५ फुटांवर असेल तर +२. नदी ३८ फूट ६ इंचांवर असेल तर ती −४ १/२. आता सांगा, −४ आणि −४ १/२ यांत मोठी कोणती? वहीत ‘साडेचार मोठा’ असं उत्तर येतं. बंधाऱ्यावर उभं राहून कोणी असं म्हणणार नाही, कारण −४ १/२ ला पाणी अजून इशारा पातळीच्या सहा इंच खाली आहे. खालची ती लहान: −४ १/२ < −४.

याच उदाहरणात आणखी दोन धडे आहेत. पहिला, −४ १/२ ही ऋण संख्या आहे पण पूर्णांक नाही. ‘वजा आहे म्हणजे पूर्णांक’ ही समजूत काढून टाका. दुसरा, ३८ फूट ६ इंच म्हणजे ३८.६ फूट नव्हे. फुटाचे इंच बारा, म्हणून ६/१२ = ०.५ आणि पातळी ३८.५ फूट. ३८ फूट ३ इंच म्हणजे ३८.२५. फूट आणि इंचांच्या मध्ये नुसता टिंब टाकून दिलेला आकडा वाचताना तो दशांश आहे की इंच, हे आधी विचारायला हवं. एकर-गुंठ्यांचंही असंच. २ एकर १५ गुंठे कोणी २.१५ असं लिहितं; एकराचे गुंठे चाळीस, म्हणून ते खरं २ + १५/४० = २.३७५ एकर.

पूर्णांकांच्या पुढचा वर्ग परिमेय संख्यांचा. जी संख्या म/न अशा रूपात लिहिता येते, म आणि न पूर्णांक आणि न शून्य नाही, ती परिमेय. ‘लिहिता येते’ या दोन शब्दांवर सगळं आहे. ५ ही परिमेय, कारण ५/१. शून्य परिमेय, कारण ०/१. −४ १/२ परिमेय, कारण −९/२. म्हणजे आधीचे सगळे वर्ग परिमेयच्या पोटात आहेत, जसं करवीर तालुका कोल्हापूर जिल्ह्यात आणि जिल्हा महाराष्ट्रात. करवीरचा माणूस महाराष्ट्राचाही असतो. ५ नैसर्गिकही, पूर्णही, पूर्णांकही, परिमेयही.

गुजरीतला ९१६

परिमेय संख्या दशांशात मांडली की दोनांपैकी एकच गोष्ट होते: भागाकार संपतो, नाहीतर आकड्यांचा एक गट पुन्हा पुन्हा येत राहतो. पहिलं खंडित दशांशरूप, दुसरं अखंड आवर्ती. गुजरीत, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारात, सोनं घेताना या दोन्हींचे शिक्के दागिन्यावर मिळतात.

चोवीस भागांत शुद्ध सोन्याचे किती, हे कॅरट सांगतं. १८ कॅरट म्हणजे १८/२४ = ३/४ = ०.७५०, शिक्का ७५०, तंतोतंत. २२ कॅरट म्हणजे २२/२४ = ११/१२ = ०.९१६६६…, सहा संपतच नाहीत. शिक्का ९१६, तीन स्थळांवर तोडलेला. आणि १४ कॅरट म्हणजे १४/२४ = ७/१२. आपला सातबारा पुन्हा आलाच! ७/१२ = ०.५८३३३…, पण त्याचा शिक्का ५८५ असतो, म्हणजे प्रमाण जरा वर धरलेलं. शिक्क्यावरची संख्या आणि खरा अपूर्णांक या नेहमी एकच नसतात.

३/४ का संपला आणि ११/१२ का नाही? दशांश म्हणजे छेदात १०, १००, १००० असणारा अपूर्णांक, आणि दहाचे मूळ अवयव फक्त २ आणि ५. छेदात २ आणि ५ सोडून दुसरा मूळ अवयव असेल, तर कितीही गुणा, छेद दहाचा घात होत नाही. १२ = २ × २ × ३, त्यातला ३ आडवा येतो. ४० = २ × २ × २ × ५, म्हणून गुंठ्याचा एकर करताना आकडा कधी लांबत नाही; ७ गुंठे = ७/४० = ०.१७५ एकर, जास्तीत जास्त तीन स्थळं.

ही कसोटी लावण्याआधी अपूर्णांक संक्षिप्त रूपात आणायलाच हवा. ९/१२ च्या छेदात ३ आहे म्हणून ‘आवर्ती’ लिहिलं की गुण गेले; ९/१२ = ३/४, खंडित. ६/१५ चंही तेच, २/५ होतो.

आवर्तीवरून परत अपूर्णांकाकडं असं यायचं. क्ष = ०.९१६६६… धरा. आवर्ती भाग टिंबाला लागेपर्यंत सरकवा: १००क्ष = ९१.६६६… मग एक आवर्तन ओलांडून: १०००क्ष = ९१६.६६६… वजा करा, शेपूट उडतं: ९००क्ष = ८२५. क्ष = ८२५/९००, ७५ नं भागून ११/१२. चूक होते ती १०००क्ष मधून क्ष वजा करण्यात. मग टिंबापुढच्या शेपट्या जुळत नाहीत आणि वजाबाकी पुन्हा दशांशात अडकते.

गुंठ्याचा कर्ण

३३ फूट बाय ३३ फूट म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. प्लॉट काटकोनात आहे का हे बघायला कर्णावर टेप धरतात. किती भरायला हवा? पायथागोरसनं, कर्णाचा वर्ग = १०८९ + १०८९ = २१७८. टेपवर तुम्ही ४६ फूट ८ इंच वाचाल आणि समाधानानं टेप गुंडाळाल. ४६ फूट ८ इंच म्हणजे ४६ २/३ = १४०/३ फूट, म्हणजे परिमेय. त्याचा वर्ग करून बघा: १९६००/९. आणि हवा होता २१७८ = १९६०२/९. दोन नवमांशांचा फरक! लांबीत तो एक मिलिमीटरही भरत नाही. गवंड्याला त्याचं काही पडलेलं नाही आणि नसावंही.

पण गणिताला आहे. तुम्ही टेपवर इंचाचे कितीही बारीक भाग पाडा, कोणत्याही अपूर्णांकाचा वर्ग २१७८ येणार नाही. कर्ण ३३√२ आहे आणि √२ अपरिमेय आहे. कारण थोडक्यात: √२ = म/न असता, तर म² = २न² झालं असतं. कोणत्याही वर्गसंख्येत २ हा अवयव सम वेळा येतो. डावीकडं २ सम वेळा, उजवीकडं सम अधिक एक, म्हणजे विषम वेळा. एकाच संख्येत हे दोन्ही जमत नाही. अपरिमेय म्हणजे ‘आपल्याला सापडला नाही’ असं नाही, अपूर्णांक असूच शकत नाही.

दुसरं ठळक उदाहरण पाय. गुऱ्हाळावरची सात फूट व्यासाची काहील घ्या. २२/७ नं परीघ येतो २२ फूट. खरा परीघ सुमारे २१.९९१ फूट, तीनेक मिलिमीटर कमी. २२/७ परिमेय आहे, ३.१४ ही परिमेय आहे, पाय मात्र अपरिमेय. ‘पाय = २२/७, म्हणून पाय परिमेय’ हे वाक्य पेपरात नेहमी सापडतं. २२/७ हा पायचा शेजारी आहे, पाय नव्हे.

परिमेय आणि अपरिमेय मिळून वास्तव संख्या. एखादी संख्या एकाच वेळी दोन्हीत नसते, आणि संख्यारेषेवर या दोन्हींखेरीज तिसरं कोणी नाही.

प्रकार ओळखायचा कसा

नियम एक: आधी संख्या सोपी करा, मग प्रकार विचारा. रूप बघून प्रकार ठरवला की फसलात. वर्गमुळाचं चिन्ह दिसलं म्हणजे अपरिमेय, रेघ दिसली म्हणजे अपूर्णांक, टिंबापुढं ठिपके दिसले म्हणजे अपरिमेय, हे तिन्ही खोटं.

√४९ = ७, नैसर्गिक. √५० = ५√२, अपरिमेय. −१२/४ = −३, पूर्णांक. √(९/१६) = ३/४, परिमेय. √२ × √८ = √१६ = ४, दोन अपरिमेयांचा गुणाकार नैसर्गिक निघाला. (३ − √२) + √२ = ३, तसंच. ०.३३३… = १/३, परिमेय. ०.१०१००१०००१…, जिथं दर वेळी एक शून्य वाढतं, ती मात्र अपरिमेय. आकड्यांत नमुना आहे, पण ठरावीक गट जसाच्या तसा परत येत नाही. हे शेवटचं उदाहरण नीट बघा, ‘नमुना आहे’ आणि ‘आवर्ती आहे’ यांतला फरक इथंच कळतो.

बीजगणितात अपूर्णांक: कुठं पाय घसरतो

शाब्दिक उदाहरण. एका व्यापाऱ्यानं एकूण रव्यांपैकी १/३ सकाळी विकले, उरलेल्यांपैकी १/४ दुपारी विकले, आणि संध्याकाळी ४५ रवे शिल्लक राहिले. एकूण किती?

घाईत १/३ + १/४ = ७/१२ विकले असं धरतात. उरले ५/१२; क्ष × ५/१२ = ४५; क्ष = १०८. पूर्ण आकडा आला, म्हणून शंकाही येत नाही, आणि हीच त्यातली मेख आहे. ताळा करा: १०८ पैकी सकाळी ३६ गेले, ७२ उरले, त्यांचा पाव १८, शिल्लक ५४. पंचेचाळीस नाहीत.

‘उरलेल्यांपैकी’ या शब्दावर बोट ठेवा. सकाळनंतर उरले २क्ष/३. त्यांचा पाव, म्हणजे गुणाकार: २क्ष/३ × १/४ = क्ष/६. शिल्लक २क्ष/३ − क्ष/६ = ४क्ष/६ − क्ष/६ = क्ष/२. क्ष/२ = ४५, क्ष = ९०. ताळा: ३० गेले, ६० उरले, १५ गेले, ४५ उरले.

आता समीकरण: (क्ष + १)/२ − (क्ष − २)/३ = ३.

लसावि ६ नं प्रत्येक पदाला गुणा, उजवीकडच्या ३ लाही: ३(क्ष + १) − २(क्ष − २) = १८. कंस सोडवताना −२ × −२ = +४, म्हणून ३क्ष + ३ − २क्ष + ४ = १८, क्ष + ७ = १८, क्ष = ११. ताळा: १२/२ − ९/३ = ६ − ३ = ३.

चुका इथं ठरलेल्या दोन. रेघेआधीचा वजा संपूर्ण अंशावर आहे हे विसरून −२क्ष − ४ लिहिलं की क्ष = १९ येतो. रेघ ही कंसासारखी असते. छेद काढताना रेघ जाते, तेव्हा तिच्या जागी कंस लिहिलाच पाहिजे. दुसरी चूक, उजवीकडच्या ३ ला गुणायचं राहतं: क्ष + ७ = ३, क्ष = −४. हे उत्तर मूळ समीकरणात घालून बघा: −३/२ + २ = १/२. तीन हवे होते, अर्धा आला. तीनचा बरोब्बर सहावा हिस्सा. ताळा नुसता ‘चुकलं’ म्हणत नाही, कोणता ६ राहिला तेही दाखवतो.

छेद घालवण्याची ही सवलत फक्त समीकरणाला आहे, कारण तिथं दोन्ही बाजूंना सारखंच गुणता येतं. क्ष/२ + क्ष/३ अशी नुसती बैजिक राशी असेल तर उत्तर ५क्ष/६ आहे, ५क्ष नव्हे. बरोबर-चिन्ह नाही तर छेद जात नाही.

आणि काटाकाटी. (क्ष + ६)/६ मधले दोन सहा उडवून क्ष लिहिणारे आहेत, क्ष + १ लिहिणारेही आहेत. क्ष = ६ घालून बघा: १२/६ = २. क्ष म्हणाल तर ६, क्ष + १ म्हणाल तर ७. दोन्ही चूक. उडवता येतात ते अवयव, पदं नाहीत. (६क्ष + ६)/६ मध्ये वर ६(क्ष + १) असे अवयव पडतात, तिथं ६ उडतो आणि क्ष + १ उरतो. उडवण्याआधी अंशाचे अवयव पाडून लिहिले तर ही चूक होऊच शकत नाही.

छेदात चल असेल तर पहिल्या ओळीच्याही आधी एक ओळ लिहा: छेद शून्य कधी होतो. क्ष/(क्ष − ३) = ३/(क्ष − ३) + २ हे समीकरण घ्या. समासात नोंद: क्ष ३ असू शकत नाही. आता (क्ष − ३) नं गुणा: क्ष = ३ + २(क्ष − ३), क्ष = २क्ष − ३, क्ष = ३. सगळ्या पायऱ्या बरोबर, आणि आलं नेमकं तेच जे समासात आधीच बाद केलेलं आहे. मूळ समीकरणात ३ घातला की दोन्हीकडं छेद शून्य. कारण असं की (क्ष − ३) नं गुणताना आपण ते शून्य नाही असं गृहीत धरलं होतं, आणि उत्तरानं ते गृहीतच मोडलं. अशा वेळी क्ष = ३ खोडायचं आणि खाली लिहायचं: या समीकरणाला उकल नाही.